पहिली की दुसरी?

निवड करण्याच्या बाबतीत आपला हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. मत त्यांचंच, मतदारही तेच, त्यामुळे ते एकमताने मंजूर होतं!

तसं त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. उभा जन्म त्यांनी अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून एकच प्रश्न विचारण्यात घालवला होता. एक काच घालायची. "हे बरं दिसतं?" ती काढून दुसरी घालायची. "की हे? पहिलं, की दुसरं?" गिऱ्हाईक म्हणेल ते ठेवायचं, पुन्हा पहिलं-दुसरं. शेवटी गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन "दोन्ही सारखंच दिसतंय हो!" म्हणालं, की चष्मेवाले टाळी वाजवत. "सारखं दिसतंय ना? मग नंबर बरोबर आला!"

"जगातला कुठलाही प्रश्न असाच सोडवावा," ते सांगत. "भाजी असो नाहीतर जावई! दोन समोर ठेवा, आलटून पालटून बघा, संपलं!" जावई त्यांच्या लेकीने परस्पर निवडून आणला होता, तोही एकच. पण हे ते सांगत नसत.

खरं म्हणजे बायको होती तोवर घरातली प्रत्येक निवड तीच करायची. गेल्या वर्षी ती गेली. चष्मेवाल्यांनी दुकान विकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अकलेने एक वस्तू निवडायला घेतली. गाडी!

गाडीच का, ते सांगतो. चष्मेवाल्यांच्या बायकोला गाडी लागायची. लागायची म्हणजे किती? नुसती दारात उभी असली तरी लागायची! पेट्रोलचा वास नाकात गेला की बाई लिंबासारखी पिवळी. चष्मेवाले शेजारी बसून सल्ला देत, "जवळ बघू नकोस, लांब बघ, लांब! म्हणजे मळमळत नाही!" आणि ती पिशवीतून तोंड वर काढून म्हणायची, "लांबचं तुम्ही बघा! मला आधी हे जवळचं उरकू दे!" आणि मग, जरा बरं वाटलं की, "पेट्रोल न पिणारी गाडी निघाली ना, की आणा एक. मग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

तशा गाड्या निघाल्या. पण तोवर ती निघून गेली होती.

लेकीने आईचं नाक घेतलं, आणि नाकाबरोबर ही खोडही. आणि लग्न करून गेली ती नेमकी घाटापलीकडच्या गावात. रेल्वे नाही, घाटाची वळणं म्हणजे शेवयाच! आई गेली तेव्हा आली ती अर्धमेली होऊन आणि परत गेली तीही तशीच. तेव्हापासून फोन. "बाबा, यावंसं फार वाटतं हो. पण घाट आठवला तरी पोटात ढवळतं." "असू दे, चिमणे," चष्मेवाले म्हणत, आणि फोन ठेवून दोन खुर्च्यांच्या जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीत बसत.

तेव्हा ठरलं. विजेवरची गाडी घ्यायची, चिमणीला घाटापलीकडून उचलून आणायची. वाटेत चार्जिंगची सोय होती, पण ती नेमकी पेट्रोल पंपाच्या आवारात! म्हणजे गंगेत आंघोळ करून गटारात पाय धुण्यासारखं. गाडी अशी हवी, की एका चार्जमध्ये जाऊन परत आली पाहिजे. एवढ्या लांब पल्ल्याची ऐसपैस गाडी बाहेरच्या देशातूनच मागवावी लागत होती. चष्मेवाल्यांनी एक एजंट गाठला, दोन गाड्या हेरल्या. एक पांढरी, एक काळी. पहिली की दुसरी? चुटकीचं काम! चिमणीला मात्र कळू द्यायचं नव्हतं. एकदम दारात जाऊन हॉर्न वाजवायचा.

इथवर सगळं झकास होतं. पण चष्मेवाल्यांच्या दिवाणखान्यात मोबाइलला रेंज नव्हती. बोलायचं तर गॅलरीत. आणि गॅलरीच्या बरोबर वर होती मेहुणीची गॅलरी. मेहुणी म्हणजे चिमणीची मावशी, बायकोची पाठची बहीण. सगळी इमारत तिला मावशीच म्हणायची. बाई मनाने लोणी, पण एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हटलं की तिला अपचन व्हायचं!

त्या दिवशी मावशी तोंडात चिमटा धरून कपडे वाळत घालत होत्या. खालून आवाज आला.

"हॅलो! बोला एजंटसाहेब! ... दोन्ही परदेशीच ना? ... पांढरी आली? वा! फोटोत फार देखणी दिसते हो! ... आणि काळी? बंदरावरच अडकलीय? कागदपत्रं अपुरी? अरेरे!"

मावशींचे कान टवकारले.

"नाही नाही, कोरी कशाला? माझं वय काय आता! थोडी वापरलेली चालेल. पहिल्याने नीट सांभाळलीय ना? ... हां, मग झालं!"

चिमटा मावशींच्या तोंडातून सुटला आणि खालच्या कुंडीत पडला.

"आवाज अजिबात करत नाही? काय सांगता! अहो, आयुष्यभर मी फटफटच ऐकत आलोय! ... खाणंपिणं काही नाही, रात्री घरी विसावली की सकाळी ताजीतवानी? ... आणि नाही पटली तर परत घेता ना?"

मावशी ओल्या कपड्यांच्या बादलीत मटकन बसल्या. चष्मेवाले बोलत होते त्यांच्या जुन्या स्कूटरबद्दल. मावशींना मात्र आपल्या बहिणीचा खणखणीत आवाज आठवला, आणि डोळ्यांत पाणी आलं. "फटफट म्हणाले गं, ताई!"

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात आडवे आले.

"कानावर आलं आमच्या!" ते खाकरले. "दोन बघून ठेवल्यात म्हणे."

"कुणी सांगितलं?" चष्मेवाले चपापले. "कृपा करून चिमणीला कळू देऊ नका हं!"

"छे छे! पण... दोन्ही आणणार?"

"दोन कुठं ठेवू हो? जागा एकच मिळालीय मला!"

"म्हणजे जागा असती तर..."

"कोण सोडतं!" चष्मेवाले हसले. "एकीला बिघाड झाला तर दुसरी असते हाताशी!"

सेक्रेटरींनी कठडा घट्ट धरला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तिने धुणंवालीला. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने न विचारताच चष्मेवाल्यांच्या डोक्याला कलप लावला. "का रे?" म्हटल्यावर डोळा मिचकावून म्हणाला, "शोभलं पाहिजे ना, काका!" चष्मेवाल्यांना वाटलं, गाडीला शोभलं पाहिजे. इंपोर्टेड गाडी आहे, असेल तशी पद्धत!

आणि मग चिमणीचा फोन आला.

"बाबा, मला सगळं कळलंय."

"कळलं?" चष्मेवाले हिरमुसले. "या मावशीच्या तोंडाला कुलूपच नाही! बरं, कळलं तर कळलं. तुला आवडली ना कल्पना?"

"मला? बाबा, मला विचारताय?"

"अगं, तुझ्यासाठीच तर आणतोय!"

"माझ्यासाठी?" चिमणीचा आवाज चिरकला. "आईला जाऊन वर्ष होतंय, आणि तुम्ही..."

"आई असती तर तिलाही आवडली असती! ती तर जन्मभर म्हणत होती, आणा एक, आणा एक. माझंच राहून गेलं!"

"आई म्हणत होती?"

"तुझ्यादेखत म्हणायची! आता मी दोन बघितल्यात. हवं तर तू ये, बसून बघ, पटेल ती ठेवू!"

पलीकडे काही क्षण नुसतं हुंदक्यांचं संगीत. मग चिमणी म्हणाली, "बाबा, असलं काही त्या घरात आलं, तर मी पुन्हा तिथं पाऊल टाकणार नाही!" आणि फोन बंद.

"रेंज गेली वाटतं," चष्मेवाले गॅलरीला म्हणाले. पण रेंज गेलेली नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. दुकान विकून आलेले पैसे गाडीत घालतोय, म्हणून पोर चिडली असणार. बरोबरच आहे तिचं. आईचे हात लागलेलं दुकान होतं ते. जिला आणण्यासाठी गाडी घ्यायची, तीच गाडीपायी यायची बंद होणार असेल, तर काय करायचीय गाडी?

त्यांनी एजंटला फोन लावला. "रद्द करा. नको मला, पहिलीही नको नि दुसरीही."

एजंट म्हणजे एजंटच! काय बोलला कोण जाणे, पण चष्मेवाल्यांचा आवाज मऊ झाला आणि वर मावशींना ऐकू आलं, "काळीही सुटली? ... दोन्ही दारात आणताय? उद्या सकाळी? ... बरं, आणा बाबा. सगळ्यांसमोर बघतो आणि सगळ्यांसमोरच नाही म्हणतो."

शेवटचं वाक्य मावशींनी ऐकलंच नाही. त्या फोनकडे धावल्या होत्या. "चिमणे! उद्या सकाळी दोघी येतायत गं!"

सकाळी चष्मेवाल्यांच्या दाराची घंटा वाजली. दारात चिमणी! चेहरा पालकासारखा हिरवा, एका हातात पिशवी, दुसरा हात जावयाच्या खांद्यावर.

"चिमणे! कशी आलीस?"

"बसने."

"घाटातून?"

"घाट कसला, बाबा! प्रत्येक वळणावर मी थोडी थोडी मागेच राहिले." ती खुर्चीत कोसळली. आईच्या खुर्चीत. "कुठायत त्या?"

चष्मेवाल्यांचं त्याकडे लक्षच नव्हतं. त्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. ते पाणी आणायला वळले, तर मागून मावशी आत घुसल्या, बहिणीची भिंतीवरची तसबीर छातीशी धरून! "हिच्यासमोर होऊ दे काय व्हायचं ते!" मागे सेक्रेटरी, सेक्रेटरींची बायको, न्हावी. न्हाव्याचं काही काम नव्हतं, पण कलप त्याने लावला होता!

तेवढ्यात जिन्याखालून एजंट ओरडला, "काका! आणल्या हो दोन्ही! केव्हाच्या उन्हात उभ्या आहेत, या लवकर!"

"उन्हात उभ्या केल्या?" मावशी एकदम कळवळल्या. "मेल्याला माणुसकी आहे की नाही? काही झालं तरी बाईची जात!"

सगळी वरात खाली उतरली. फाटकापाशी दोन लांबलचक गाड्या चमकत होत्या. एक पांढरी, एक काळी. एजंट मध्ये उभा राहून हात चोळत होता.

मावशींनी पांढरीच्या काचेला नाक लावलं. "आत कुणीच नाही!" सेक्रेटरी काळीच्या मागे जाऊन, न जाणो, डिकीत डोकावून आले. "इथंही नाही!"

"काय शोधताय?" एजंटने विचारलं.

"बायका!" मावशी गरजल्या. "बायका कुठायत?"

"कुठल्या बायका?"

"पांढरी नि काळी!"

एजंटने मुकाट्याने दोन्ही हात पसरून दोन्हीकडे दाखवलं.

मग जी शांतता पसरली, तिच्यापुढे त्या विजेच्या गाड्यासुद्धा आवाज करणाऱ्या वाटल्या असत्या! चिमणी पायरीवर बसली. "बाबा... गाडी?"

"मग तुला काय वाटलं?" चष्मेवाले म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाही कळलं. कान लाल झाले. कलपामुळे ते जास्तच उठून दिसले. "अरे देवा! एक आणताना नाकी नऊ आले होते माझ्या! मी दोन-दोन कुठल्या बघतोय?"

सगळे मावशींकडे वळले. मावशींनी तसबीर ढालीसारखी पुढे धरली. "माझ्याकडे काय बघता? भाऊजींनी नीट बोलावं की! गाडी म्हणायला काय पैसे पडतात?"

चिमणी हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता बापाच्या छातीवर डोकं ठेवून म्हणाली, "वास येत नाही ना हिला?"

"बसून बघ."

ती पांढरीत बसली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. गाडी वळणावळणाच्या रस्त्याने एक चक्कर मारून आली, आणि चिमणीचे गाल गुलाबी! जावई तर पिशवीची घडी घालून खिशातच ठेवायला लागला. मग काळीची पाळी. यावेळी चष्मेवाले एजंटशेजारी पुढे बसले, मागे चिमणी, आणि तसबिरीसह मावशी. "तायडीलाही फिरू दे," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

समोर ताटाएवढा पडदा. त्यावर नकाशा, आकडे, किती पल्ला उरला ते सगळं. चष्मेवाल्यांनी जवळचा चष्मा चढवला आणि पडद्यात डोकं घातलं. "काका, हिचा उठाव बघा!" एजंट म्हणाला, आणि गाडी गोफणीतून सुटल्यासारखी सुटली. एक वळण. दुसरं वळण. चष्मेवाल्यांना आकडे आधी दोन-दोन दिसले, मग चार-चार.

"बाबा! बाबा, काय झालं? तुम्ही हिरवे का झालात?"

"काही नाही," चष्मेवाले तोंडावर हात दाबून म्हणाले. "थांबव... गाडी... थांबव!"

"अगं बाई! भाऊजींना गाडी लागली!"

जावयाच्या खिशातली पिशवी जावयाबरोबर फाटकाशीच राहिली होती. मावशींचा पदर कामी आला. मागून चिमणी बापाची पाठ चोळत, पोट धरून हसत ओरडत होती, "जवळ बघू नका, बाबा! लांब बघा, लांब!"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि लांब बघितलं. लांब डोंगर दिसत होता. त्यापलीकडे चिमणीचं गाव. एवढंही लांब नव्हतं ते!

फाटकाशी सगळे वाट बघत होते.

"बाई, तुम्हाला कुठली बरी वाटली?" एजंटने चिमणीला विचारलं.

"मला? दोन्ही सारख्याच!"

"मग काका, तुम्हीच सांगा. पहिली की दुसरी?"

जन्मभर ज्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला, ते चष्मेवाले गाडीच्या दाराला धरून उभे होते. तोंडावर रुमाल, डोक्यावर ओघळलेला कलप. त्यांनी विचारही केला नाही.

"पहिली!" ते कळवळून म्हणाले. "पहिलीच बरी होती!"

मावशींनी पदर झटकला, बहिणीच्या तसबिरीवरचा एक शिंतोडा पुसला आणि नाक ओढत म्हणाल्या, "आता कसं बोललात, भाऊजी!"