खारदुंग ला, मार्गे आपटा

"मोटारसायकलवरून लेहला जाणं म्हणजे काही विशेष नाही हो, फक्त नियोजन लागतं!" असं प्रभाकर टिपणीस ज्याला-त्याला सांगायचे. आणि नियोजनात त्यांचा हात अख्ख्या नवीन पनवेलात कोणी धरला नसता. निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासून ते नियोजनच करत होते. जेवणाच्या टेबलावर कायम नकाशा पसरलेला! त्यांच्या पत्नी पद्मजाताई बिचाऱ्या आमटीचं पातेलं झोजी ला खिंडीच्या जरा अलीकडे टेकवत. नवी कोरी मोटारसायकलही आली होती, पण ती कळंबोलीच्या पुढे कधी गेली नव्हती. भाजी आणायला पद्मजाताईंची स्कूटर होती, आणि तिच्या मागच्या सीटवर पिशवी धरून हिमालयवीर बसायचे.

घात केला तो सत्काराने. एरवी माणूस काहीतरी करून येतो, मग त्याचा सत्कार होतो. सोसायटीचे सेक्रेटरी हरेश म्हात्रे यांना इतका दम निघत नाही. त्यांनी परस्पर निघायची तारीख ठरवली आणि गेटवर फ्लेक्स लावला: 'हिमालयवीर टिपणीससाहेबांना शुभेच्छा!' त्यात म्हात्र्यांचा फोटो टिपणीसांच्या दुप्पट.

"साहेब, या वयात भीती नाही वाटत?" कोणीतरी विचारलं.

"भीती? आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?" शाल सावरत टिपणीस गरजले.

ओवाळणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पद्मजाताईंनी निरांजन नवऱ्याच्या नाकाजवळ जरा जास्तच नेलं.

टाळ्यांच्या कडकडाटात स्वारी निघाली ती थेट दक्षिणेला, आपट्याला! तिथे टिपणीसांचा ऑफिसातला जुना दोस्त इझिकेल पेणकर नदीकाठी घर बांधून राहत होता. दोघांनी जोडीने जायचं, हे नियोजनात पहिल्यापासून होतं. इझिकेल लुंगीवर झाडांना पाणी घालत होता.

"चल, निघू या!"

"कुठे?"

"कुठे काय? लेहला!"

इझिकेलच्या हातातला पाइप गळून पडला. "अरे, खरंच? आपण तर दरवर्षी प्लॅन करतो. मला वाटलं, यंदाही प्लॅनच आहे!"

टिपणीसांना राग यायला हवा होता. पण त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी हेल्मेट काढून आधी चहा मागितला. वाटेत शिरढोण येईपर्यंतच त्यांची कंबर बोलायला लागली होती. परत जावं, तर शाल घेतलेली, नारळ घेतलेला. पनवेलात तोंड दाखवायला जागा उरली नसती. शेवटी ठरलं, लेह होईपर्यंत मुक्काम आपट्यात!

तिकडे सोसायटीच्या ग्रुपवर म्हात्र्यांचा धोशा सुरू झाला, "साहेब, फोटो?" टिपणीसांनी पाताळगंगेतल्या एका खडकाचा फोटो काढला आणि 'सिंधूकाठी निवांत' असं लिहून ग्रुपवर टाकला. लगेच पद्मजाताईंचा फोन!

"अहो, सिंधूकाठी नारळाच्या झावळ्या?"

"अगं, हवामान फार बदललंय..."

"पुरे! जोकबेदने पहिल्याच दिवशी मला फोन केला होता. भाऊजींच्या चहात साखर चालते का, विचारत होती."

टिपणीसांनी इझिकेलच्या बायकोकडे पाहिलं. जोकबेदवहिनी अगदी मन लावून चहा ढवळत होत्या.

"पद्मजा, सोसायटीत बोलू नकोस गं! अब्रू जाईल माझी!"

"मी सोसायटीत आहेच कुठे? मी लेहला आलेय! बहिणीला, किशोरीला घेऊन, विमानाने. तुमचं एवढं नियोजन टेबलावर पडलेलं, वाया कशाला घालवायचं? फोटो पाठवते, ते टाका. झावळ्या नकोत!"

फोटो आले. बर्फ, बौद्ध मठ, आणि खारदुंग लाच्या पाटीखाली दोन्ही हात वर केलेला कुणी हेल्मेटवाला. टिपणीसांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फार निरखत न बसता तो फोटो टाकला, वर लिहिलं, 'अखेर करून दाखवलं!' ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस!

टिपणीस परतले तेव्हा गेटवर ढोल, नवी शाल आणि नवा फ्लेक्स हजर होता: 'स्वागत! हिमालयवीर टिपणीससाहेब!' फोटो तोच, खारदुंग लाचा. मोबाइलवर बोटभर दिसणारा हेल्मेटवाला आता पुरुषभर उंच झाला होता. त्याच्याखाली उभं राहून टिपणीस बोलत होते, "तिथे प्राणवायू विरळ असतो, पण जिद्द..."

"टिपणीससाहेब," वर बघत म्हात्रे माइकवरच म्हणाले, "हातात हिरव्या बांगड्या आहेत हो!"

ढोल थांबला. सगळ्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग कालच 'माहेरहून' परतलेल्या पद्मजाताईंच्या मनगटाकडे.

"स्कूटर भाड्याने मिळते तिथे," त्या पदर खोचत म्हणाल्या. "काही विशेष नाही. फक्त नियोजन लागतं!"

बायकांनी अशा काही टाळ्या वाजवल्या, की टिपणीसांनी निमूटपणे शाल उतरवून बायकोच्या खांद्यावर घातली. मेलं, खरं सांगायचं तर त्यांना थोडा अभिमानही वाटला, पण तो विचारतो कोण!

फ्लेक्स पुन्हा छापायला म्हात्रे तयार नव्हते. त्यांनी 'साहेब'वर कागद चिकटवून 'ताई' लिहिलं.

खाली शिडी धरायला टिपणीस होते.