चव गेलेली बिल्डिंग

"चौदाच दिवस ना? अहो, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात द्या, चौदा काय, चाळीस दिवस काढून दाखवतो!"

धर्मपाल सर्वगोडनं ही गर्जना केली तेव्हा खाली महापालिकेची माणसं फाटकाला पत्रे ठोकत होती. सोलापुरातलं एप्रिलचं ऊन, त्यात टाळेबंदी, त्यात तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पॉझिटिव्ह निघालेला. त्याला अँब्युलन्स घेऊन गेली आणि विजापूर रोडच्या आतल्या गल्लीतली ही छोटी बिल्डिंग चौदा दिवसांसाठी सील झाली. आत उरली तीन घरं. तळमजल्यावर बसव्वाअक्का, एकट्याच. पहिल्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर सिद्धप्पाकाका, तेही एकटे, कारण त्यांची बायको पुण्याला लेकीकडे अडकलेली. आणि दुसऱ्या मजल्यावर धर्मपाल व त्याची आई नागूबाई. ती बिचारी करकंबहून चार दिवसांसाठी डोळे तपासायला आली होती आणि गाड्याच बंद झाल्या.

धर्मपालची बायको धम्मप्रिया हॉस्पिटलात सिस्टर. कोरोना वॉर्डात ड्युटी लागल्यामुळे महिनाभर तिचा मुक्काम तिकडंच. फाटक सील झाल्याचं कळताच तिनं फोन केला.

"अहो, एक ऐका. स्वयंपाक आईंना करू द्या. त्यांनी अख्खी सुगी माणसं जेवू घातलीयत."

"आईचं वय बहात्तर! जोखमीचा वयोगट! परिपत्रक आहे!"

परिपत्रकात वृद्धांनी घराबाहेर पडू नये एवढंच होतं. गॅसपासून लांब राहावं असं कुठंही नव्हतं. पण धर्मपाल एका सरकारी ऑफिसच्या भांडार शाखेत बावीस वर्षं वरिष्ठ लिपिक होता, आणि परिपत्रकाचा अर्थ काय लावायचा हे त्याला वरच्या साहेबांपेक्षा जास्त कळत होतं.

"आरं, पण तुला च्या तरी येतो का?" नागूबाईनं विचारलं.

"आई, स्वयंपाक म्हणजे काय? उपलब्ध साठ्याचं नियोजन! तू फक्त बस."

दुसऱ्या दिवशी बसव्वाअक्कांचा सिलिंडर संपला. बदली सिलिंडर आणणारा माणूस पत्रे बघून गल्लीच्या तोंडूनच परत गेला. सिद्धप्पाकाकांना वरणाचा कुकर लावता येत होता, उघडायची मात्र भीती वाटत होती. धर्मपालला हेच हवं होतं! त्यानं जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "तिन्ही घरांतला माल एकत्र करायचा. स्वयंपाक एकच, माझ्याकडं. डबे दोन वेळा दारात पोचतील!"

माल गोळा झाला. ज्वारी, थोडे तांदूळ, तूरडाळ, मटकी, अर्धा पुडा मीठ, वाटीभर तिखट, वाटीभर काळा मसाला, तळाला गेलेलं तेल. भाजी पालिकेचा टेम्पो देईल ती. टेम्पो एक दिवस नुसते दुधी द्यायचा, एक दिवस नुसती कलिंगडं.

धर्मपालनं चष्मा पुसला आणि ऑफिसातला रामबाण नियम इथं लावला: जे लागतं त्याच्या एकतृतीयांश द्यायचं. ऑफिसात दहा झाडू मागितले की तीन मिळायचे, आणि ऑफिस तरीही चालायचं. म्हणजे निदान बंद तरी पडायचं नाही. मग आमटीनं एवढी मिजास का करावी? मीठ एकतृतीयांश, तिखट एकतृतीयांश, मसाला एकतृतीयांश, तेल तर नुसतं कढईला दाखवायचं! पाणी मात्र नळाला भरपूर होतं, त्यात त्यानं कंजूषपणा केला नाही.

पहिला डबा गेला. दुधीचा रस्सा, भात. धर्मपालनं त्याला नाव दिलं होतं 'आरोग्यवर्धिनी'. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, वर एक कढीपत्त्याचं पान. फोटोत पान फार उठून दिसत होतं, कारण बाकी काही दिसत नव्हतं.

सिद्धप्पाकाकांनी पहिला घास घेतला, थांबले. दुसरा घेतला, परत थांबले. पण माणूस फुकट करून घालतोय, त्याला काय बोलायचं? त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "अप्रतिम!!"

खाली बसव्वाअक्कांनी घास तोंडात घोळवला. जीभ कोरडीच. तेवढ्यात मोबाइल वाजला: अप्रतिम! अक्का दचकल्या. सिद्धप्पाला अप्रतिम लागतंय आणि मला काहीच कसं लागत नाही? शंका नको म्हणून त्यांनीही दोन टाळ्या आणि एक फूल पाठवलं. ते बघून सिद्धप्पाकाका दचकले.

मग काय, धर्मपाल सुटलाच! कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी झाली, तिचं नाव 'शीतल'. दुधीच्या सालींचं पिठलं झालं, ते 'कवच'. शिळ्या भाकरीचा कुस्करा मटकीच्या पाण्यात शिजवला, तो 'संकल्प'. ग्रुपवर रोज अप्रतिम, लाजवाब, अन्नदाता सुखी भव! नवव्या दिवशी हॉस्पिटलातल्या भाडेकरूनं तिथल्या ताटाचा फोटो टाकला: वरण, भात, कोबीची भाजी, लिंबाची फोड. तो फोटो सिद्धप्पाकाका मोठा करून करून अर्धा तास बघत बसले होते. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाचा हेवा वाटण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

अकराव्या दिवशी दुपारी मात्र आक्रीत घडलं. इतके दिवस धर्मपाल मोबाइलवरची कौतुकं वाचत वाचत जेवायचा. त्या दिवशी नेट बंद पडलं, आणि त्याचं लक्ष पहिल्यांदा जेवणाकडं गेलं.

चव लागेना!

त्यानं दुसरा घास घेतला. नाही. रश्शाच्या पातेल्यात नाक घातलं. वास नाही! त्याच्या हातून चमचा पडला. स्वयंपाकात चूक असणं शक्यच नव्हतं. दोन माणसांनी नऊ दिवस लेखी प्रशस्तिपत्रं दिलेली होती. म्हणजे चूक जिभेत! म्हणजे... झालाच!

"आई," तो दारातूनच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्यापासून लांब राहा. माझं पीएफचं पासबुक लोखंडी कपाटात आहे. धम्मप्रियाला सांग, मी शेवटपर्यंत नियोजन सोडलं नाही."

"काय झालं रं? प्वाट दुखतंय?"

"चव गेली, आई!"

नागूबाईनं तोंड उघडलं, लेकाच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. लेकराचं मन कशाला मोडा!

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर ऋतुजा रोज संध्याकाळी प्रत्येक घरी फोन करून तेच तीन प्रश्न विचारायच्या. ताप? खोकला? चव-वास लागतो का? धर्मपालनं खरं सांगितलं. त्या दिवशी, योगायोग बघा, सिद्धप्पाकाकांचाही धीर सुटला. "ताप न्हाय, खोकला न्हाय मॅडम. चव मात्र लागंना झालीय. बाकी सगळ्यांना लागतीय की!" आणि बसव्वाअक्कांनी तर फोनवर कानडीत रडूनच सांगितलं, "रुचि इल्ला हो, चवच न्हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापुढं दोन गाड्या उभ्या! पांढऱ्या झग्यातली चार माणसं, फवारणीचा पंप, आणि गल्लीभर खिडक्यांतून डोकी. कुणीतरी तेवढ्यात बातमीही पसरवली, "अख्ख्या बिल्डिंगची चव गेली!" समोरच्या दुकानदारानं तर या बिल्डिंगच्या दिशेनं उघडणारी खिडकी खिळे ठोकून बंद केली.

डॉक्टर ऋतुजांनी सगळ्यांना आपापल्या सज्जात, बसव्वाअक्कांना त्यांच्या ओट्यावर उभं केलं आणि खालून, मास्कमधून, मोठ्यानं सांगितलं, "तीन घरांत तीन जणांना एकच लक्षण आहे. नमुने घेतोय. बिल्डिंग आणखी चौदा दिवस बंद ठेवावी लागेल."

"अय्यो!" बसव्वाअक्कांनी ओट्याचा कठडाच धरला. "मॅडम, माझी पोरगी अक्कलकोटात हाय. नववा लागून पंधरा दिवस झाले. सासू न्हाय तिला, कुणी न्हाय. जावई एकटा. परवा सुटणार म्हणून पास काढून ठेवलाय मी! आता चौदा दिवस म्हंजे..." ओच्यातून पासाचा कागद काढून त्या नुसता दाखवत राहिल्या, जणू डॉक्टरांना फाटकापासून तो वाचता येणार होता.

धर्मपालच्या छातीत कळ आली. ही मात्र खरी होती.

"आजी, तुमचं काय?" डॉक्टरांनी वर बघितलं. "तुम्ही काही कळवलं नाहीत. चव लागते?"

"जय भीम, बाई. लागतीय की! लई झ्याक लागतीय!"

डॉक्टर चक्रावल्या. "बहात्तर वर्षांच्या आजींना लागते, आणि बाकी कुणालाच नाही? आजी, तुम्ही वेगळं काही खाता का?"

नागूबाईनं एकदा लेकाकडं बघितलं, एकदा खाली बसव्वाअक्कांच्या हातातल्या कागदाकडं. मग ती आत गेली आणि आपल्या वळकटीतून एक स्टीलचा डबा घेऊन आली. डबा उघडताच एक मजला खाली सिद्धप्पाकाकांच्या नाकपुड्या फुलल्या.

"शेंगाची चटणी हाय. करकंबहून आणल्याली. ह्यो रस्सा करतो, मी त्यात दोन चमचं हीच कालवती. माफ कर रं बाबा," ती धर्मपालला म्हणाली, "पर तुझ्या रश्शात हात धुवावा का जेवावं, मला अकरा दिस कळलं न्हाय."

डॉक्टर ऋतुजांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. त्यांच्या सांगण्यावरून नागूबाईनं चटणीच्या पुड्या बांधल्या, दोरीला पिशवी लावून खाली सोडल्या. एक पुडी धर्मपालच्या हातात आली.

"चिमूटभर जिभेवर ठेवा. सगळ्यांनी!"

सिद्धप्पाकाकांनी चिमूट नाही, मूठच टाकली. आणि अशी आरोळी उठली की पंपवाला दोन पावलं मागं सरकला. "आली! आली मॅडम! लसूण! मीठ! तिखट! सगळं आलं!" काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं; ते तिखटाचं की आनंदाचं, त्यांनाच ठाऊक. खाली बसव्वाअक्का बोटं चाटत रडत हसत होत्या. धर्मपालही चाटत होता. त्याला झणझणीत, कडकडीत, बावनकशी चव लागत होती. आयुष्यात चांगली बातमी इतकी वाईट त्याला कधी वाटली नव्हती.

"सर्वगोड, तुम्ही मीठ किती घालता?"

"नियमानुसार, मॅडम. एकतृतीयांश. अर्ध्या पुड्यातलं अजून पाव..."

"पुडा नका दाखवू!" डॉक्टर म्हणाल्या. "नमुने घ्यावेच लागतील. पण ते निगेटिव्ह आले तरी मला वर कारण दाखवावं लागेल. तीन माणसांची चव एकदम का गेली, ते लेखी द्या. आत्ता. म्हणजे मुदतवाढ थांबवता येईल."

लेखी! आणि ते अख्ख्या गल्लीसमोर! धर्मपालनं कागद घेतला, बावीस वर्षांचा हात चालू लागला, आणि त्यानं वाचून दाखवलं, "सादर करण्यात येते की, सदर कालावधीत पुरविण्यात आलेल्या आहारात चवीचे प्रमाण अपेक्षेपेक्षा किंचित कमी आढळून आले."

"किंचित काढा!" पहिल्या मजल्यावरून सिद्धप्पाकाका ओरडले. दहा दिवसांचं अप्रतिम त्यांना आता आतून ढुशा देत होतं.

त्यानं किंचित खोडलं.

"आढळून आले म्हणजे? कुणी केलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

धर्मपालनं खाली बघितलं. बसव्वाअक्कांच्या पासाच्या कागदाला घामानं सुरकुत्या पडल्या होत्या, त्या अक्का पदरावर ठेवून तळहातानं सारख्या करत होत्या. त्यानं कागद फाडला. दुसरा घेतला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यानं सरळ मराठीत एक वाक्य लिहिलं: "स्वयंपाक मी केला होता आणि त्याला चव नव्हती." खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी नमुने निगेटिव्ह आले. पत्रे निघाले. मधले तीन दिवस नागूबाईनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्याच मटकीची, त्याच दुधीची तिनं अशी भाजी केली की सिद्धप्पाकाकांनी ग्रुपवर काही लिहिलंच नाही, ताट पुसून सरळ आडवे झाले. बसव्वाअक्का पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा धर्मपालनं ती फाटकापर्यंत नेऊन दिली. जावई गाडी घेऊन उभा होता.

धर्मपालच्या कबुलीजबाबाचा फोटो कुणीतरी काढला होताच. तो फिरत फिरत हॉस्पिटलात पोचला. धम्मप्रियाचा फोन आला. नुसतं खूं खूं ऐकू येत होतं. धर्मपाल घाबरून म्हणाला, "खोकला झाला का गं?"

"नाही हो," ती कशीबशी म्हणाली. "वॉर्डातल्या एका आजोबांना वाचून दाखवलं. आठ दिवसांनी आज जेवले ते. म्हणाले, इथलं मिळतंय तेच बरं."

चार दिवसांनी बसव्वाअक्कांचा अक्कलकोटहून फोन आला. मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप! अक्का वेळेवर पोचल्या, दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या होत्या.

"तुमी त्या दिवशी लिवून दिलं म्हणून मी हितं हाय," अक्का म्हणाल्या. "लई मोठं मन लागतंय त्याला. बंद उठला की बारशाला यायचं बघा, आईला घेऊन. लेकीला पण सांगून ठेवलंय, धर्मपालभाऊ येणार म्हणून."

धर्मपालचा ऊर भरून आला. "येणार अक्का, नक्की येणार!"

"या. आणि हे बघा भाऊ," अक्कांनी आवाज एकदम खाली आणला, "येताना रिकाम्या हातानंच या. आपुलकीनं सांगते. बाळंतीण कच्ची हाय."

"हो, हो. म्हणजे काय!" धर्मपाल म्हणाला.

फोन ठेवला आणि तो मुकाट्यानं स्वयंपाकघरात जाऊन डिंकाच्या लाडवांच्या पाकाखालचा गॅस बंद करून आला.