चिंचेखालचा बार

"चिंचेवरचं पाखरूसुद्धा उडायचं न्हाई, बघा तुम्ही," असं नथानिएलनं पाद्रीसाहेबांना छातीठोक सांगितलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

शिरूरची ती दफनभूमी म्हणजे वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. कुंपणाकडेला भरावाची मऊ जागा होती, पण तिथं दिवसभर ऊन. "मला चिंचेखाली ठेवा, जन्मभर उन्हातनं पाणी वाहिलंय," असं त्याची बायको कृपाबाई जाताना सांगून गेली होती. चिंचेखाली पहारी वाकल्या, खड्डा गुडघ्याखाली जाईना.

नथानिएल सुरुंगवाला. बापाच्या वेळची काळी दारू खडक नुसता ढकलायची. जिलेटीनच्या कांड्या आल्या आणि खडकाचं पीठ पडायला लागलं. त्या कांड्यांनी त्यानं गावोगावच्या विहिरी फोडल्या, आणि कांड्यांनी त्याचा डावा कान. घरी मात्र कृपाबाई घोडनदीवरून कळशी आणत राहिली. "लोकांच्या दारात पाणी आन् माझ्या डोईवर चुंबळ," असं ती रोज त्याच्या उजव्या कानात सांगायची. डाव्यात सांगून उपयोग नव्हता.

वात पेटवण्याआधी त्यानं रिवाजाप्रमाणे आरोळी ठोकली, "बार हाय!" मंडळी भिंतीआड पळाली, पाद्रीसाहेब सगळ्यांच्या पुढं. मोकळ्यावर कृपाबाईची पेटी तेवढी राहिली. नथानिएल मागं फिरला.

"आता वैनीला काय लागनार हाय?" मांडवगणचे मच्छिंद्रआप्पा म्हणाले.

"बार उडताना मानूस आडोशाला पायजे," म्हणत त्यानं पेटी भिंतीआड आणवली.

बार उडाला. पाखरं तर गेलीच, निम्मी चिंचही गेली. धूर निवळल्यावर सगळे काठाशी आले. जन्मभर विहिरी पाडलेला हात. कबर आहे हे विसरून त्यानं विहिरीएवढं खोल भोक घेतलं होतं आणि विहिरीएवढ्याच कांड्या ठासल्या होत्या. तळाच्या भेगेतून झरा उसळत होता.

मच्छिंद्रआप्पांची विहीरही नथानिएलनंच फोडलेली, ठणठणीत कोरडी. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "माझ्या वावरात थेंब न्हाई," हळूच म्हणाले, "आन् हितं?" पाद्रीसाहेबांनी बायबल उघडलं, या प्रसंगाचं वचन सापडेना, मिटलं.

शेवटी कृपाबाईला कुंपणाकडेला, उन्हातच ठेवावं लागलं. रडायला आलेल्यांनीच फावडी धरली.

मंडळी पांगल्यावर नथानिएलनं घरून तिची कळशी आणली, खड्ड्यातून भरली. हाताला सवय नव्हती. कुंपणापर्यंत निम्मी सांडली. उरलेली त्यानं तापलेल्या मातीवर ओतली आणि उजवा कान खाली करून वाकला. निम्मी कळशी बघून ती गप्प बसेल, हे काही त्याला पटेना.