कार्ड चालतं, आजार चालत नाही

मास्तरांची डावी मिशी गेली आणि उजवी राहिली, तेव्हा धाकट्यांच्या बायकोने ठरवलं, आता पुरे.

तसं पाहिलं तर धाकट्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. वस्तरा ओठावर होता, हाताला कंप सुटला आणि वर्षानुवर्षं जोपासलेली मिशी साबणाच्या फेसात वाहून गेली. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी आरशात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "उरलेलीही काढून टाका. अर्धी ठेवून काय करू?"

केस कापायचं हे दुकान दोघा भावांचं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. एकीपाशी थोरले उभे राहायचे, दुसरीपाशी धाकटे. गिऱ्हाइकं त्यांना याच नावांनी ओळखायची. थोरले अचानक गेले, पण धाकट्यांना धाकटे म्हणायचं कुणी सोडलं नाही. थोरल्यांच्या खुर्चीवर धाकट्यांनी धुतलेला टॉवेल अंथरला आणि तिच्यावर कुणालाही बसू दिलं नाही. तेव्हापासून त्यांची झोप उडाली ती उडालीच. डोळे मिटले की भाऊ दिसायचा आणि सकाळी हात थरथरायचे. आता वस्तरा धरणाऱ्याचाच हात थरथरत असेल तर त्याच्यापुढे मान कोण देणार? गिऱ्हाइकं तोंडदेखली विचारपूस करून पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागली होती. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार हे धाकट्यांना दिसत होतं. काय करावं ते मात्र सुचत नव्हतं.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"म्हणाले, शरीर ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरला दाखवा. सरकारी विम्यावर चालणारं एक क्लिनिक आहे म्हणे इथेच कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"ते माहीत असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी?"

झालं. विम्याचं कार्ड खिशात घालून धाकटे क्लिनिक शोधायला निघाले. पहिला दवाखाना काचेच्या दारांचा होता. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि "चालतं" म्हणाली. धाकट्यांचा जीव भांड्यात पडला.

"त्रास काय होतो?"

"झोप लागत नाही. हात कापतात."

"हाडाबिडाचं काही नाही?"

"नाही."

"मग नाही चालत. आमच्याकडे या कार्डावर फक्त हाडं बघतात."

दुसरा दवाखाना खास झोपेचाच होता. तिथली माणसं आजार ऐकून खूश झाली आणि कार्ड बघून गप्प झाली. म्हणजे एकीकडे कार्ड चालत होतं पण आजार चालत नव्हता, दुसरीकडे आजार चालत होता पण कार्ड चालत नव्हतं. सोयीसाठी एखादं हाड मोडून घ्यावं की काय, असाही विचार धाकट्यांच्या मनात येऊन गेला.

शेवटी बायको त्यांना विमा कार्यालयात घेऊन गेली. तिथल्या कारकुनाने संगणकात बराच वेळ डोकं घातलं.

"आहे. मनाच्या आजाराचं, कार्ड चालणारं, एकच क्लिनिक आहे. पत्ता अजून चढलेला नाही. नंबर आहे, तो घ्या आणि लावा."

बायकोने नंबर लिहून घेतला. दुकानात आल्यावर साबणाची वडी घेऊन तिने तो आरशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत उतरवला, म्हणजे हरवायची भीती नको. मोबाईल धाकट्यांनी कधी ठेवलाच नव्हता. हातात वस्तरा असताना तो खिशात थरथरला तर गिऱ्हाइकाचा कान जायचा, असं त्यांचं मत होतं. दुकानात जुना फोन होता. तो घेणं, बोलणं, वेळा देणं हे सगळं खातं थोरल्यांचं. धाकट्यांनी त्या फोनकडे आत्ता आत्ता लक्ष द्यायला सुरुवात केली होती.

त्यांनी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज.

"गर्दी दिसते," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे क्लिनिक चांगलं असणार."

रिसीव्हर ठेवला, तसा फोन खणखणला.

"हॅलो! अहो, केव्हाची लावतेय, सारखा एंगेज!" एक बाई बोलत होत्या.

"मी लावत होतो ना."

"कुणाला?"

"क्लिनिकला."

"मीसुद्धा क्लिनिकलाच लावतेय."

"मग तुम्हालाही एंगेजच लागणार," धाकट्यांनी समजूत काढली. "मी मघापासून तेच ऐकतोय."

बाई शिवणकाम करायच्या. मशीनवर बसलं की उगाचच रडू येतं आणि गिऱ्हाइकाचं कापड भिजतं, असं त्यांनी सांगितलं. त्या कोण, कुठल्या हेही धाकट्यांना ठाऊक नव्हतं, पण लोक असं बोलतात यात त्यांना नवल वाटलं नाही. केस कापताना माणसं याहून खासगी गोष्टी सांगतात. फक्त फोनवर सांगतात हे नवीन होतं. "असं करा," ते म्हणाले, "दुकानात या. दोघं मिळून शोधू."

त्यांच्यानंतर एका निवृत्त कंडक्टरचा फोन आला. तो झोपेत उठून घरच्यांकडे तिकिटाचे सुटे पैसे मागायचा. त्यालाही धाकट्यांनी बोलावून घेतलं. लाइनीत लाइन अडकलीय एवढीच त्यांची समजूत होती. बाई आणि कंडक्टर येऊन बाकावर बसले. रिकामं बसायचं म्हणून कंडक्टरने केस कापून घेतले. उपचाराची सुरुवात अशीच होत असेल, असं त्याला वाटलं. डोक्यावर दोन-तीन ठिकाणी पायऱ्या पडल्या, पण त्याने तक्रार केली नाही.

तेवढ्यात मास्तर दाढीला आले. घालवायला मिशी उरली नव्हती, त्यामुळे ते निर्धास्त होते. धाकट्यांनी त्यांच्या एका गालाला साबण लावला, तोच मास्तरांची नजर आरशाच्या कोपऱ्यात गेली.

"धाकटे, आपलाच नंबर आरशावर कशाला लिहून ठेवलाय?"

"आपला कुठला? क्लिनिकचा आहे तो."

"बाहेर थोरल्यांनी रंगवलेली पाटी आहे ना तुमची, तिच्यावर आहे हा. मी तोंडपाठ सांगतो. वाचली नाहीत का कधी?"

धाकट्यांनी खरंच कधी वाचली नव्हती. ते दुकानात रोज त्या पाटीखालूनच शिरायचे. बायको धावत बाहेर गेली आणि जीभ चावत आत आली.

"म्हणजे मी मघापासून स्वतःलाच फोन लावत होतो?" धाकटे म्हणाले.

"म्हणजे हे क्लिनिक नाही?" कंडक्टरने डोक्यावरून हात फिरवत विचारलं.

बायकोने कार्यालयात फोन लावला. कारकून म्हणाला, "नंबर चुकला असेल. पण दुरुस्तीचा अर्ज क्लिनिकनेच द्यायला हवा. त्यांना फोन करून सांगा."

"कुठल्या नंबरवर?"

"यादीत आहे की."

बायकोने कपाळाला हात लावून रिसीव्हर ठेवला आणि फोन लगेच वाजला. या वेळी धाकट्यांनी उचलला. आवाज एका बाईंचा, पण जरा दमलेला होता.

"हॅलो, क्लिनिक का?"

"नाही हो. आम्ही सगळे तेच शोधतोय."

"मी क्लिनिकमधूनच बोलतेय. मी डॉक्टर आहे."

"मग इकडे फोन कशाला केलात?"

"क्लिनिक उघडल्यापासून एक माणूस आलेला नाही. म्हटलं, यादीतला आपलाच नंबर लावून बघावा."

धाकट्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "कार्ड चालतं?"

"चालतं."

"आजार?"

"अहो, तोही चालतो!"

क्लिनिक मागच्याच गल्लीत, लाँड्रीच्या वर होतं. पण निघायचं कसं? दुकान बंद केलं आणि फोन वाजला तर त्या माणसाने काय करायचं? धाकट्यांचा पाय निघेना. डॉक्टरबाईंनी ते ऐकलं आणि पेशंट तिकडे जमलेच आहेत तर आपणच येतो म्हणाल्या.

त्या आल्या. "पहिला नंबर कुणाचा?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी धाकट्यांकडे बोट केलं.

"बसा."

बाक भरलेला होता. एका खुर्चीत मास्तर, साबणासकट. उरली थोरल्यांची खुर्ची. धाकट्यांनी टॉवेलकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायकोने टॉवेल उचलून घडी घातली. धाकटे बसले आणि त्यांना रडूच फुटलं.

"कुणाची खुर्ची?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकटे सांगायला लागले. थोरल्यांनी आपल्याला वस्तरा धरायला कसा शिकवला, फोनवर ते कसे गाऊन बोलायचे, पाटी रंगवताना शिडीवरून कसे पडले. बोलता बोलता वाक्यं लांबायला लागली, मग आवाज खाली आला, मग मान एका बाजूला कलली. बायकोने घाबरून पुढे होऊन पाहिलं. धाकटे घोरत होते.

डॉक्टरबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. कुणी हललं नाही आणि नेमका फोन खणखणला. मास्तरांनी एका गालाचा साबण तसाच ठेवून झडप घातली.

"हॅलो," ते कुजबुजले. "हो, क्लिनिकच. कार्ड चालतं, आजारही चालतो. फक्त जरा हळू बोला, पेशंट झोपलाय."