समच्छेदाचा चोरटा तास

आमच्या शाळेतल्या मुलांचा गणिताकडे पाहण्याचा दृष्टिकोन समाधानकारक नाही, ही बाब विभागीय कार्यालयाच्या निदर्शनास आली तेव्हा जानेवारी चालू होता आणि बाहेर उणे एकतीस होतं. कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबा प्रांतात अशा दिवसांत मधल्या सुट्टीतही मुलांना मैदानावर सोडत नाहीत. त्यामुळे पाहणीला आलेल्या पथकाला सगळी मुलं एका जागी सापडली. सातवीच्या गणिताच्या तासाला चाळीस मिनिटांत त्रेपन्न जांभया मोजण्यात आल्या. त्यांतल्या चार शिक्षिकेच्या होत्या.

शिक्षिका म्हणजे मार्लिस थोरवाल्डसन. ती सव्वीस वर्षं अपूर्णांक शिकवत होती आणि त्यांतली निदान वीस वर्षं तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या बर्फावर होतं. मी विल्मा, शाळेची कारकून. पत्रकं वाटायची, गोळा करायची, टक्केवारी काढायची आणि वर पाठवायची, हे माझं काम. त्यामुळे पुढे जे घडलं ते सगळं रीतसर माझ्या टेबलावरून गेलं.

कार्यालयाने शिक्षणतज्ज्ञ डॉ. मरीएल प्रूडोम यांना पाठवलं. त्यांनी कितीतरी शाळांचे दृष्टिकोन बदलले होते, असं त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेलं होतं.

"मुलांना गणित का आवडत नाही?" त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं.

"अवघड असतं म्हणून?" आमचे मुख्याध्यापक ग्लेन ओस्टापचुक भीत भीत म्हणाले.

"नाही. त्याला उत्तर असतं म्हणून." डॉक्टरबाई थांबल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. "उत्तर आलं की बरोबर-चूक येतं. चूक आली की मूल हिरमुसतं. तेव्हा उत्तर काढून टाका, दृष्टिकोन आपोआप सुधारतो."

अशा रीतीने 'उत्तरमुक्त अध्ययन' सुरू झालं. पहिल्या आठवड्यात 'चूक' हा शब्द बंद झाला. त्याऐवजी शिक्षकांनी 'छान विचार आहे' असं म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात असं लक्षात आलं की ज्याला 'बरोबर' म्हटलं जात नाही, तो काय ते समजतो. म्हणून 'बरोबर'ही बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात पुस्तकांच्या शेवटची उत्तरांची पानं मी स्वतः कात्रीने कापली. चौथ्या आठवड्यात बरोबरीच्या चिन्हावर आक्षेप आला. ते चिन्ह दिसलं की त्याच्यापुढे काहीतरी लिहिण्याचा मुलांवर ताण येतो, असं आढळलं होतं.

महिनाअखेरीस मी दृष्टिकोन-पत्रकं गोळा केली. अठ्ठ्याण्णव टक्के मुलांना गणित 'खूप आवडतं' असं निघालं. उरलेल्या दोन टक्क्यांत एकच पोरगा होता, त्याने लिहिलं होतं, "कसलं गणित?"

आता शिक्षकांचा दृष्टिकोन राहिला. त्याचीही तपासणी झाली आणि जवळजवळ सगळे उत्तीर्ण झाले. विज्ञानाचे सर तर इतके बदलले की त्यांना पाणी किती अंशांवर उकळतं असं विचारलं, तर ते विचारणाऱ्याला मिठी मारत. एकटी मार्लिस नापास झाली. कुणीतरी पाच आणि सहा मिळून बारा म्हटल्यावर ती चुकून "अरे, पण..." असं बोलून गेली होती. तिच्या पत्रकावर शेरा पडला : 'उत्तराकडे कल.' तिला सुधारणा-काळ देण्यात आला आणि रोज सकाळी आरशापुढे उभं राहून वीस वेळा 'छान विचार आहे' म्हणायला सांगितलं.

"विल्मा," एकदा ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सव्वीस वर्षं मला या अपूर्णांकांचा कंटाळा होता गं. आता कुणी शिकवू देत नाही, तर मेले स्वप्नात येतात."

त्याच आठवड्यात टॅमसिन हाल्वरसन तिच्याकडे आली. टॅमसिन सातवीत, मुलींच्या हॉकी संघाची गोलरक्षक. दुसरी गोलरक्षक ब्रॉन्विन. ब्रँडन शहरातल्या स्पर्धेला एकीलाच नेणार होते. टॅमसिनने तीस फटक्यांपैकी सत्तावीस अडवले होते, ब्रॉन्विनने बेचाळीसपैकी अडतीस. दोघींत सरस कोण, यावरून संघात दोन तट पडले होते. मैत्रिणी एकमेकींच्या बाकावर बसेनाशा झाल्या होत्या. प्रशिक्षकांना विचारावं तर त्यांचंही प्रशिक्षण झालेलं. ते म्हणाले, "दोघीही छान विचार आहात."

"बाई, खरं सांगा ना," टॅमसिन म्हणाली. "कोण चांगलं?"

"छान विचार..." मार्लिसने सुरुवात केली.

"बाई, शपथ आहे तुम्हाला!"

मार्लिसने बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग तिला हाताला धरून हॉकीचं सामान ठेवायच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि एका फुटक्या हेल्मेटवर खडूने दोन अपूर्णांक लिहिले. "मी सांगणार नाही. तू काढ. दोघींचे छेद सारखे कर."

खोलीला जुन्या मोज्यांचा वास येत होता. टॅमसिनने वीस मिनिटं घाम गाळला. छेद दोनशे दहा आला. तिचे झाले एकशे एकोणनव्वद, ब्रॉन्विनचे एकशे नव्वद.

तिने दोन्ही गुणाकार पुन्हा करून पाहिले. "बाई, मी हरले," ती म्हणाली. मग एकदम उडीच मारली. "पण बरोबर आलं! बाई, बरोबर आलं ना?"

"बरोबर आलं," मार्लिस म्हणाली. पाच आठवड्यांनी तो शब्द तोंडातून निघाला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टॅमसिनने ते हेल्मेट साऱ्या संघाला दाखवलं आणि आपण होऊन ब्रॉन्विनला जागा दिली. तट मिटले. पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीपुढे सहा मुली उभ्या राहिल्या. आठवड्यात एकवीस मुलं झाली. कुणी उत्तरांची कापलेली पानं माझ्या कचऱ्याच्या टोपलीतून पळवली. मुलं त्यांची देवाणघेवाण करू लागली. दशांशाच्या एका पानाला दोन चॉकलेटांचा भाव आला. ज्या पोरांना पूर्वी ढकलून वर्गात बसवावं लागे, ती आता दारात कुजबुजत, "ए, बाईंनी आज त्रैराशिक आणलंय म्हणे!" आणि मार्लिस? दुपारची ती गाणं गुणगुणत यायची. जांभई तर नावालाही नाही.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. डॉक्टरबाई पुन्हा आल्या आणि ओस्टापचुक साहेबांना घेऊन त्यांनी खोलीचं दार उघडलं. आत तीस मुलं जमिनीवर बसून भांडत होती, कारण दोघांची उत्तरं वेगळी आली होती.

"मार्लिस, हे काय चालवलंयस तू?" साहेब पांढरेफटक पडले.

"शिकवतेय," मार्लिस म्हणाली. "काढा मला नोकरीवरून."

पण डॉक्टरबाई मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या. त्यांनी तिथेच पत्रकं वाटली. निकाल शंभर टक्के आला, आणि तीन मुलांनी 'खूप आवडतं' खोडून शेजारी 'खूप खूप' असं लिहिलं.

"अद्भुत!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही तर पद्धत आहे!"

पंधरा दिवसांत परिपत्रक आलं. 'चोरटे अध्ययन' विभागातल्या सर्व शाळांना सक्तीचं झालं. प्रत्येक विद्यार्थ्याने दुपारी बारा वीस ते बारा पन्नास या वेळेत लपूनछपून शिकावं. हजेरी घेतली जाईल. पालकांचं गुप्ततेचं संमतिपत्र दोन प्रतींत जोडावं. सामानाच्या खोलीवर पाटी लागली : 'गुप्त वर्ग क्र. १'. मोज्यांचा वास राखण्याची जबाबदारी शिपायाकडे देण्यात आली. दारापाशी मुलांनी कुजबुजावं, म्हणून छापील कुजबूज पुरवली गेली. मार्लिसला 'गोपनीय मार्गदर्शक' असं पद मिळालं, आणि पहिल्या सक्तीच्या तासाला मी आत डोकावले तेव्हा एकोणीस जांभया मोजल्या.

त्यानंतर काही दिवसांनी टॅमसिनने बोळात मार्लिसच्या हातात एक चिठ्ठी सरकवली. 'बाई, आता खऱ्या वर्गात शिकवाल का? तिथे कुणी बघायला येत नाही.'

आणि ते खरंच होतं. तेव्हापासून सकाळी नऊ वाजता, फळ्यापुढे, बाकांवर बसून, दार सताड उघडं ठेवून ती मुलं गणित शिकतात. वर्गात कुणी शिकवत असेल असा संशय विभागात कुणालाच येत नाही.

तक्रार आली ती घरांतून. पोरं जेवताना बटाट्याचे भाग पाडून बापाला प्रश्न विचारू लागली, आणि उत्तरासाठी ताटकळत थांबू लागली. 'मुलांचा दृष्टिकोन बिघडला आहे', असा अर्ज चाळीस पालकांच्या सह्यांनी आला. साहेबांनी सभा बोलावली. पालक तावातावाने बोलले. आपण लहानपणी किती मन लावून शिकायचो, हे प्रत्येकाने सांगितलं. मार्लिसने सगळं ऐकून घेतलं, उठली आणि फळ्यावर लिहिलं : ५/८ मोठा की ८/१३?

"हे मुलांसाठी आहे ना?" मागून एक बाप म्हणाला.

"नाही. तुमच्यासाठी."

कुणी फोन काढला, कुणाला गाडी चुकीच्या जागी लावल्याचं आठवलं, एका आईने शेजारणीला खुणेने विचारलं. ओस्टापचुक साहेब छताकडे बघत होते. मीही घड्याळात बघितलं. शेवटी सगळे एकदम उठले. मुलांमध्ये शिकण्याची खरी ओढ निर्माण व्हायला हवी, असा ठराव एकमताने झाला आणि लोक घरी गेले.

फळ्यावरचं गणित तसंच राहिलं. तुम्हीही ते आत्ता वाचलंत, आणि सोडवायला न थांबता खाली आलात. उत्तर पुढच्या ओळीत असेल म्हणून.