सुई, दोरा आणि थोरल्या जाऊबाई

औदार्याला सीमा नसते. म्हणूनच त्याला अटी घालाव्या लागतात.

भाच्याने भरतकामाच्या यंत्रांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला फुकट वाटला. अट एकच: त्यातला शब्द न् शब्द कोणालाही बदलता आला पाहिजे, आणि बदलता येणार नाही असं काही कोणी त्यात घुसवता कामा नये. ज्या मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, तिने त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका लिहिली आणि तीही फुकट वाटली. मावशी छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेली. तिचीही अट एकच: पुस्तिकेतली एक ओळ जरी कुठे नेली, तरी अर्पणपत्रिका सोबत न्यायची आणि तिच्यातला कानामात्राही हलवायचा नाही. (हट्टीपणा एकाच घरातला.)

दोन्ही अटी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी असल्याने त्या एकत्र नांदणं अशक्य होतं.

वाद पेटला तो एका वाक्यावरून. सुई अडकली की भरतकाम करणाऱ्या बाया घाईने तिथे बोट घालत, आणि यंत्र त्या बोटावरही इमानेइतबारे वेलबुट्टी काढी. पुस्तिकेत उपाय होता: "सुई अडकली तर आधी वीज बंद करा, मग दोरा कापा." (थोरल्या जाऊबाईंना सादर अर्पण, त्यांच्यामुळे मी स्पष्ट बोलायला शिकले.) अर्पणपत्रिका इथे छापणं प्रस्तुत लेखकाला अटीनुसार भाग आहे. ते वाक्य यंत्राच्या पडद्यावर दिसावं, एवढंच भाच्याच्या मनात होतं.

प्रोग्रॅमची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांची समिती बसली. (समितीत कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडण मोकळेपणाने झालं.) निष्कर्ष असा निघाला की, "सुई अडकली तर आधी वीज बंद करा, मग दोरा कापा" (थोरल्या जाऊबाईंना सादर अर्पण, त्यांच्यामुळे मी स्पष्ट बोलायला शिकले) हे वाक्य घेता येत नाही, पण मावशीचा एकही शब्द न वापरता त्यातला विचार घेता येतो. त्यानुसार पडद्यावर झळकलं: "सूचिकावरोध उद्भवल्यास विद्युत्पुरवठा प्रथमतः खंडित करून तदनंतर सूत्रच्छेद करावा." कायद्याच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं. कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी ते वाचून यंत्राला हात जोडले, आणि मग बोट घातलं.

पट्टी बांधलेलं बोट घेऊन त्या आल्या तेव्हा भाच्याला मनापासून लाज वाटली. मावशीला विचारून पाहावं, अशी सूचना समितीत कोणी मांडली नव्हती. (विषयपत्रिकेवर नव्हती.) तो स्वतःच गेला.

"घे की वाक्य. मी कधी नाही म्हटलं?" मावशी म्हणाली.

"अर्पणपत्रिका बदलता आली पाहिजे, मावशी."

"कोणाला बदलायचीय?"

"कोणालाच नाही. पण आली पाहिजे."

मावशीने चष्मा पुसत पुसत सगळं सांगितलं. जाऊबाईंशी तिने कित्येक वर्षं अबोला धरला होता, आणि तो सोडायच्या आतच त्या गेल्या. तोंडावर बोलायचं राहून गेलं, ते ती त्या एका ओळीत बोलली होती. भाच्याला हे आज प्रथमच कळलं आणि आपली अट त्याला फार कोती वाटली.

"बदलू देत बदलायचं तर," ती शेवटी म्हणाली. "पण कोणी बदललं, तर निदान कोणाच्या लक्षात तरी येईल ना रे?"

"न यायला काय झालं? लोक वाचतात गं," भाच्याने छातीठोकपणे सांगितलं.

तेव्हापासून सुई अडकली की पडद्यावर सगळा मजकूर रीतसर उमटतो: "सुई अडकली तर आधी वीज बंद करा, मग दोरा कापा." (धाकट्या जाऊबाईंना सादर अर्पण, त्यांच्यामुळे मी स्पष्ट बोलायला शिकले.) बोटं शाबूत आहेत, टेलरबाई खूश आहेत आणि समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर केला आहे.

मावशीच्या शंकेचं निरसन व्हावं म्हणून प्रस्तुत लेखकाने, नव्या परवानगीचा लाभ घेऊन, या शेवटच्या कंसात थोरलीच्या जागी धाकटी जाऊ बसवली आहे. मावशी हे वाचणारच, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने विचारलं, तर आपल्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं होतं असंच सांगा. भाच्याने तुमच्या भरवशावर शब्द दिला आहे.