आडनाव न बदललेल्या बाईची पोळी

दीपा देशपांडे लग्नाआधीही देशपांडेच होती. आता महाराष्ट्रात देशपांड्यांना काय तोटा? यात कौतुक ते काय? पण २००५ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये कपडे वाळायची वाट बघत असताना तिनं हे खालच्या मजल्यावरच्या नोराआजींना सांगितलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

नोराआजी मूळच्या आयर्लंडमधल्या खेड्यातल्या. खोकून खोकून बेजार झालेल्या.

"आमच्या गावी खोकल्यावर हेच औषध," त्या म्हणाल्या. "लग्नात जिचं आडनाव बदललं नाही, तिच्या हातचा ब्रेड. मागून घ्यायचा आणि थँक यू म्हणायचं नाही. देशील?"

दीपानं डब्यातली एक पोळी नेऊन दिली. ती केली होती तिच्या नवऱ्यानं, गिरीशनं. दीपाला पोळ्या येतच नव्हत्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना हे कळू नये म्हणून बिचारा पहाटे उठून पोळ्या लाटायचा आणि परत जाऊन झोपायचा. कळलं असतं तर पुण्यापर्यंत तिची अब्रू गेली असती.

नोराआजींचा खोकला थांबला. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, पण त्यांना कोण विचारतो? रविवारी चर्च सुटल्यावर आजी चार खोकणाऱ्या मैत्रिणींना घेऊन दारात हजर. डबा नेमका रिकामा.

"मी करतो पटकन," म्हणत गिरीश किचनकडे निघाला.

"तू नाही," नोराआजींनी त्याला अडवलं. "हात तिचाच हवा."

"माझा जप राहिलाय," असं म्हणून सासूबाई बेडरूममध्ये गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. देवच पावला, असं दीपाला वाटलं.

पहिली पोळी पोळपाटाला चिकटली, दुसरी फाटली, तिसरी तव्यावर अशी करपली की स्मोक अलार्म बोंबलायला लागला. सासूबाई धावत बाहेर आल्या. पाचही जणींनी करपलेले तुकडे भक्तिभावानं चावले आणि थँक यू न म्हणता निघून गेल्या.

दीपाला रडूच फुटलं. "आई, रोजच्या पोळ्या मी नाही करत. गिरीश करतो."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवशी पहिल्या घासालाच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" सासूबाई खिडकी उघडत म्हणाल्या. "त्याला त्याच्या बाबांनी शिकवल्यात. मला तरी कुठे येतात?"